रोज एक नवा अल्बम : ११८ दिवस झाले, आता नियम बदलू का?

सुईदोरा (मिरज)

नमस्कार. माझं घरातच शिवणकाम आहे. ब्लाउज, फॉल-पिको, लग्नसराईत घागरे. दिवसाचे आठ-नऊ तास मशीनवर नाहीतर मशीनशेजारच्या चटईवर जातात. गेल्या गुढीपाडव्याला मी ठरवलं की रोज एक अल्बम ऐकायचा, आधी कधीही न ऐकलेला. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मधलं काही न गाळता, ज्या क्रमाने काढलाय त्याच क्रमाने. रात्री वहीत तीन ओळी लिहायच्या. आज ११८ वा दिवस. एकही दिवस चुकलेला नाही. सासूबाई चार दिवस दवाखान्यात होत्या तेव्हाही नाही.

हे डोक्यात कुठून आलं ते सांगते. आमच्यापासून सतारमेकर गल्ली चालत पाच मिनिटं. शेजारच्या घरातही तंबोरेच बनतात. तिथली मुलं माझ्याकडे सुती दोरा न्यायला येतात. तंबोऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली तो दोरा अलगद सरकवला की एका ठिकाणी तार एकदम बोलायला लागते, त्याला जवारी खुलली म्हणतात. पॉलिस्टरचा दोरा त्यांना चालत नाही, म्हणून मी सुती रीळ मुद्दाम आणून ठेवते. लग्न होऊन आले तेव्हापासून बावीस वर्षं मी त्या वाद्यांना दोरा देतेय, आणि ती वाद्यं ज्या गाण्यासाठी बनतात ते गाणं मी एकदाही बसून ऐकलं नव्हतं. दिवसभर मोबाइलवर तीच चाळीस-पन्नास गाणी फिरून फिरून लागायची. हे एकदा लक्षात आलं आणि मनाला लागलं.

पहिल्या दिवशी ‘कॉल ऑफ द व्हॅली’ लावला. १९६७ चा. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस आहे, पहाटेच्या रागापासून सुरू होऊन रात्रीकडे जातो. मला राग कळत नाहीत, पण दिवस कलत चाललाय हे कळलं. गाणी कुठल्याही क्रमाने लावली असती तर ते कळलं नसतं.

मग मुलीने हॉस्टेलवरून नावं पाठवायला सुरुवात केली आणि मी कुठल्या कुठे फिरून आले. क्यूबाचा ‘बुएना व्हिस्टा सोशल क्लब’, १९९६ मध्ये हवानात रेकॉर्ड झालेला. लोक विसरून गेलेले म्हातारे गवई परत बोलावून गाऊन घेतलंय. ते ऐकताना दोन साड्यांचे फॉल कधी झाले कळलं नाही. आणि कीथ जॅरेटचा, जर्मनीतल्या कोलोन शहरात वाजवलेला पियानो. ते रेकॉर्डिंग २४ जानेवारी १९७५ च्या रात्रीचं. सांगितलेला मोठा पियानो आलाच नाही. स्टेजवर होता तो लहान, नीट न लागलेला, वरचे सूर पत्र्यासारखे आणि खालचे सूर अंगात नसल्यासारखे. कार्यक्रम ठरवणारी मुलगी अठरा वर्षांची. जॅरेट वाजवणार नव्हते, तिने गळ घातली म्हणून बसले. मग त्यांनी पियानोचा जो मधला भाग बरा होता तिथेच मुक्काम केला, डाव्या हाताने तेच तेच धरून ठेवलं आणि तासाभराचं सगळं तिथल्या तिथे सुचत गेलं. मापात कमी आलेल्या कापडातून ब्लाउज काढायचा असतो तेव्हा जे करावं लागतं ते मला माहीत आहे. त्या दिवशी मी मशीन बंद करून ऐकलं.

आता अडचण. परवा वही चाळत होते. ४३ व्या दिवसापुढे लिहिलंय, ‘छान. संध्याकाळी ऐकला. ट्रम्पेट.’ त्यातलं मला काहीच आठवत नाही. अशी पानंच्या पानं निघाली. आणि दुसरी गोष्ट जास्त टोचते. ६१ व्या दिवशी अमीर खाँसाहेबांचा राग मारवा ऐकला. ती जुनी एलपी, एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी. मारवा संपल्यावर मला दरबारी लावायचीच नव्हती, परत मारवाच ऐकायचा होता. पण पूर्ण अल्बम ऐकायचा हा नियम, म्हणून लावली. दुसऱ्या दिवशी नवीन ऐकायचा हा नियम, म्हणून तिसरंच काहीतरी लावलं. नियम पाळला, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

तिसरी अडचण मशीनची. मोटर सुरू झाली की संथ आलाप त्यात बुडून जातो. मग मी आवाज वाढवते.

तुमच्यापैकी कोणी वर्षभर असं केलंय का? नियम बदलावा की नेटाने पुढे जावं? आता श्रावण लागला, मंगळागौरीचे ब्लाउज आलेत, पुढे गौरी-गणपती. वेळ आणखी कमी होणार आहे, म्हणून आत्ताच विचारते.

जुना रेडिओ (पुणे)

ताई, मी केलं आहे. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यावर पूर्ण ३६५ दिवस. वर्ष संपल्यावर वही घेऊन बसलो आणि प्रत्येक नावाशी थांबून पाहिलं, यातला एक तरी सूर मनात वाजतो का. ७१ नावांशी वाजला. बाकीचे गेले. तेव्हा ४३ व्या दिवसाचं दुःख करू नका, ते सगळ्यांचंच होतं. मारव्याचं मात्र करा.

मी सात वर्षांचा होतो तेव्हा पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. १ एप्रिल १९५५, रामनवमी. माडगूळकरांचे शब्द, बाबूजींची चाल. आठवड्याला एक नवं गाणं, पुढच्या रामनवमीपर्यंत. त्या वर्षी अधिक महिना आल्यामुळे गाणी ५६ झाली. आमच्याकडे रेडिओ नव्हता, खालच्या बिऱ्हाडात होता. आई पाटी घेऊन दारात बसायची, जमेल तेवढे शब्द टिपायची आणि मग घरी वहीत उतरवायची. राहिलेल्या ओळी आठवडाभर शेजारणींना विचारून भरायची. म्हणजे नवं गाणं येईपर्यंत जुनं गाणं घरात सात दिवस राहायला असायचं. पोळ्या लाटताना, पाणी भरताना. ते ५६ च्या ५६ तिला अखेरपर्यंत पाठ होते. मला माझ्या ३६५ मधले ७१. हा फरक मी वर्ष संपल्यावर मोजला, आधी मोजायला हवा होता.

मी उशिराने एक केलं, ते तुम्ही आजपासून करा. रविवारी नवीन काही नाही. आठवड्यातल्या सहांपैकी ज्याने सोडलं नाही तो परत ऐकायचा.

माझा पहिला असा रविवार पियानोवादक ग्लेन गूल्डचा होता. बाखची एकच रचना, एक छोटी सुरावट आणि तिची तीस रूपं. ती या माणसाने १९५५ मध्ये वयाच्या बाविसाव्या वर्षी वाजवली तेव्हा ३८ मिनिटांत संपवली. १९८१ मध्ये पुन्हा वाजवली तेव्हा ५१ मिनिटं लागली. पुढच्या वर्षी तो गेला. दोन्हींत वाजवता वाजवता तो तोंडाने गुणगुणतो तेही ऐकू येतं. मी शनिवारी पहिली ऐकली आणि रविवारी दुसरी. दोन्ही नियमात बसले, कारण अल्बम वेगळे. पण खरं तर मी एकच गोष्ट दोनदा ऐकत होतो, आणि दुसऱ्यांदा ऐकताना पहिली समजली.

संत्रानगरी (नागपूर)

माझं मत थोडं वेगळं आहे. मी ‘मरण्याआधी ऐकायलाच हवेत’ अशा १००१ अल्बमांच्या इंग्रजी यादीवर आहे, रोज एक, आज ४१२ वा. ताई, ३६५ पर्यंत नियम मोडू नका.

कारण सांगतो. पहिले शंभर दिवस मलाही काही आठवत नव्हतं. दीडशे-दोनशेच्या पुढे कान जोड लावायला लागतात. आज ऐकलेलं महिन्याभरापूर्वीच्या कशाला तरी जाऊन चिकटतं. पॉल सायमनचा १९८६ चा ‘ग्रेसलँड’ घ्या. गाणारा अमेरिकन, पण बरंचसं वाजवणारे दक्षिण आफ्रिकेतले. त्यातल्या एका गाण्यात मध्येच बास गिटारचा दोन क्षणांचा तुकडा येतो. बाकिथी कुमालोने त्याचा पहिला अर्धा भाग वाजवला आणि दुसरा अर्धा म्हणजे त्याचीच फीत उलटी फिरवलेली. मी तो अल्बम ऐकला तेव्हा मला फक्त ‘मस्त’ एवढंच वाटलं होतं. नंतर आफ्रिकेतले दहा-बारा अल्बम ऐकून झाल्यावर त्याचा बास डोक्यात आपोआप वाजायला लागला. पहिल्या वेळी जे कानावरून गेलं असं वाटतं ते गेलेलं नसतं.

आणि दुसरं, परत ऐकायची मुभा दिली की माणूस आवडत्याकडेच वळतो. मी दोनदा ही सुरुवात करून याच कारणाने सोडली आहे. तुमचे ११८ सलग झालेत. ते फार मोठं आहे, हातचं जाऊ देऊ नका.

फोंड्याहून

ताई, मी गाणं शिकवते. मारव्यापुरतं बोलते, कारण तुम्हाला तिथे जे झालं ते तुमच्या कानाचं कसब आहे.

मारव्यात पंचम (प) नाही. रिषभ (रे) कोमल, मध्यम (म) तीव्र, धैवत (ध) शुद्ध. गाणारा रिषभ आणि धैवतावर राहतो आणि षड्ज, म्हणजे सा, ज्या सुरावर आपण निवांत टेकतो तो, लांबवत नेतो. तंबोऱ्यालाही पंचम न लावता निषाद (नी) किंवा धैवत लावतात. सूर्य मावळतानाचा राग. त्यात जी हुरहुर वाटते ती या टाळण्यातून येते. तिच्यावर लगेच दरबारी लावली तर दरबारीवरही अन्याय होतो, तो मध्यरात्रीकडचा राग आहे. एलपीच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं मावत, म्हणून दोन राग पाठीला पाठ लावून एका तबकडीवर आले. ती त्या प्लास्टिकची सोय होती. तुम्ही ती पाळायचं काही कारण नाही. एका दिवशी एक बाजू ऐका, तोच तुमचा अल्बम.

तुमचा रोज नवीनचा नियम मोडायचा नसेल तर असं करा. मारवा, पुरिया आणि सोहनी या तिन्ही रागांचे सूर तेच आहेत. जोर कुठे द्यायचा आणि कुठे वावरायचं यावर राग बदलतो. पुरिया खाली, मंद्रात रमतो, सोहनी वरच्या षड्जाभोवती चमकते. आठवडाभर या तिघांतच राहा. अमीर खाँसाहेबांचा मारवा, वसंतराव देशपांड्यांचा मारवा, मग कोणाचाही पुरिया, शेवटी सोहनी. अल्बम रोज नवा, सूर रोज तेच.

आणि गौरी-गणपतीच्या घाईत एलपी नकोच. तुम्ही मिरजेत आहात. अब्दुल करीम खाँसाहेब तुमच्या गावी राहिले, मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे, उरुसाला तिथे अजून गाणं होतं. त्यांच्या जुन्या, मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या तबकड्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटांच्या. राग मांडायला तेवढीच जागा मिळायची आणि ते तेवढ्यात मांडायचे. घाईच्या दिवशी अशी एक तबकडी हा पूर्ण अल्बम धरा. त्यात कमीपणा काही नाही.

सुईदोरा (मिरज)

फोंड्याच्या ताई, फार आभार. पण मला सा रे ग म सुद्धा ओळखू येत नाही. षड्ज टाळलाय हे मला कसं कळणार?

फोंड्याहून

ओळखायचं नाही, धरायचं. तंबोरा सुरू झाला की तोंड मिटून त्याचा मुख्य सूर गुणगुणत राहा, अगदी हळू, काम करता करता. तुमचा सूर जागेवर ठेवा. गाणारा तुमच्या सुरापाशी येऊन कधी थांबतो तेवढं बघा. बाकी काही करू नका.

मागावरचा (इचलकरंजी)

मी फक्त मशीनच्या आवाजाबद्दल लिहितो, कारण त्यावर कोणी बोललं नाही आणि मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं.

माझे वडील पस्तीस वर्षं यंत्रमागावर होते. मागाच्या शेडमध्ये बोलणं ऐकू येत नाही, खुणांनी चालतं. पन्नाशीच्या आत त्यांना दाराची कडी ऐकू येईना. रेडिओ लावला की ते म्हणायचे, बाई गाते का पुरुष ते कळत नाही. तुमच्या मशीनचा आवाज तेवढा नसतो हे मला माहीत आहे. पण मोटरवर मात करायला तुम्ही स्पीकर वाढवता, आणि दोन्ही मिळून आठ तास कानाजवळ. ते नका करू, ताई. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागत असेल तर तेवढा गोंगाट रोजचा नको.

मशीनच्या टेबलाच्या चारी पायांखाली जाड रबराचे तुकडे घाला, जुन्या टायरचेही चालतात. लाकूड फरशीवर थरथरतं त्याचाच अर्धा आवाज असतो. टेबल भिंतीला टेकलेलं असेल तर चार बोटं पुढे घ्या. मोटरचा पट्टा सैल असेल तर बघा आणि तेल वेळेवर द्या. स्पीकर जमिनीवर नको, मोटरच्या विरुद्ध बाजूला कानाच्या उंचीला ठेवा. मग कमी आवाजातही ऐकू येईल.

आणि एवढं करूनही आलाप मशीनवर ऐकूच नका. मशीनवर ढोल-ड्रमचं, ठेक्याचं ऐका. हातशिलाईच्या वेळी आलाप. तुमच्या कामात दोन्ही तास आहेतच की. आमच्या मागावर नव्हते.

जुना रेडिओ (पुणे)

इचलकरंजीचे दादा, हे वाचून मी माझ्या हेडफोनचा आवाज दोन खुणा खाली केला.

सुईदोरा (मिरज)

नऊ दिवसांनी लिहितेय, कामाचा ढीग होता. सगळ्यांची उत्तरं दोन-दोनदा वाचली.

आधी रबराचं. कोपऱ्यावरच्या सायकल दुकानातून टायरचे चार तुकडे आणून पायांखाली घातले, पट्टा घट्ट केला, टेबल पुढे ओढलं. टेबलावरचा टाचण्यांचा डबा बावीस वर्षं मशीनबरोबर खुळखुळत होता, तो गप्प झाला. स्पीकर खिडकीच्या फळीवर गेला. दादा, तुमच्या वडिलांचं वाचून मी त्या रात्री बराच वेळ जागी होते. आवाज आता निम्म्यावर असतो.

मग मी दिवसाचे दोन भाग केले. मशीनवर असते तेव्हा नवीन अल्बम, मुलीच्या यादीतला, ठेक्याचा. तो १२७ पर्यंत सलग आहे, नागपूरच्या दादांनी काळजी करू नये. संध्याकाळी चारनंतर हुक, तुरपाई आणि फॉल. तेव्हा चटईवर बसून फोंड्याच्या ताईंनी सांगितलेला आठवडा. त्याची वही वेगळी केली. रविवारचंही ठरवलं, काका. या रविवारी कोलोनचा पियानो परत ऐकला. मागच्या वेळी मला वाटलं होतं ते सगळं बोटांतून येतंय. या वेळी त्यांचं कण्हणं आणि पायाचं आपटणंही ऐकलं.

मारवा चार वेळा झाला. पहिल्या दोन वेळा माझा सूरच जागेवर राहीना, गाणाऱ्यामागे पळत जायचा. तिसऱ्या दिवशी शेजारच्या कारखान्यात जाऊन सांगितलं की मला नुसता तंबोरा ऐकायचाय, गाणं नको. तिथल्या थोरल्या भावाने काही न विचारता एक तयार तंबोरा पुढ्यात घेतला आणि दहा मिनिटं नुसता छेडत बसला. भोपळ्याला कान लावायला सांगितला. मी नेऊन दिलेला दोरा घोडीवर चारही तारांखाली दिसत होता. मी तोंड मिटून सूर धरला, तो बरोबर आहे असं त्याने मान हलवून सांगितलं. तिथून तोच सूर घेऊन, कोणाशी न बोलता, घरी आले आणि मारवा लावला.

तेव्हा समजलं तुम्ही काय म्हणत होतात ते. मी माझ्या जागेवर बसलेली आणि खाँसाहेब माझ्या जवळून जातात, वरून जातात, अगदी लागून असलेल्या सुरावर येऊन उभे राहतात आणि तिथेच राहतात. मी सुई अर्ध्यात धरून वाट बघत होते. मग ते आले. किती वेळाने ते मला मिनिटांत सांगता येणार नाही, मी घड्याळाकडे पाहिलं नाही. चौथा हुक लावत होते.

दरबारी अजून लावलेली नाही. ती रात्री उशिरा, सगळे झोपल्यावर ऐकणार आहे, हातात काही काम न घेता. उद्या पुरिया.

आज नव्या वहीत लिहिलं ते असं : ‘मारवा, चौथ्यांदा. दोन ब्लाउज, बारा हुक. एक उसवून परत लावला.’